कंटेनरांच्या भिंतीआड

बर्कली (कॅलिफोर्निया), जून 2024

विद्यापीठाकडून टेलिग्राफ अव्हेन्यूने आलं आणि हेस्ट स्ट्रीटला डावीकडे वळलं, की उजव्या हाताला मालवाहू कंटेनरांची दुमजली भिंत लागते. आत पीपल्स पार्क, जेमतेम 2.8 एकर. जानेवारीत मध्यरात्री पोलिसांचा मोठा ताफा आला, आतल्या माणसांना बाहेर काढलं आणि हे पेटारे रचले. कारण काय, तर विद्यापीठाला इथे सुमारे 1,100 विद्यार्थ्यांचं वसतिगृह बांधायचंय, शिवाय बेघरांसाठी घरं.

वसतिगृहासाठी एवढा बंदोबस्त? 1969 साली याच जागेवरून पेटलेल्या दंगलीत पोलिसांच्या छर्‍यांनी जेम्स रेक्टर हा तरुण मेला. तेव्हापासून इथे कुदळ मारणं सोपं राहिलेलं नाही.

एकेकाळी या विद्यापीठाच्या संकुलाचा आराखडा म्हणजे देखणं चित्र असे. फीबी हर्स्ट बाईंच्या पैशातून जागतिक स्पर्धा झाली, 1899 मध्ये पॅरिसचा वास्तुविशारद एमिल बेनार जिंकला. पण इथे येऊन राहायला काही तयार होईना. शेवटी संकुल उभं केलं ते जॉन गॅलन हॉवर्डनं. स्पर्धेत त्याचा नंबर चौथा होता!

आता आराखडा म्हणजे आकडे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रत्येक संकुलाला दीर्घकालीन विकास आराखडा करावा लागतो: विद्यार्थी किती, बांधकाम किती चौरस फूट, खाटा किती. सोबत पर्यावरणावरच्या परिणामांचा जाडजूड अहवाल. बर्कलीच्या 2005 च्या आराखड्यात 2020 सालचा अंदाज होता 33,450 विद्यार्थ्यांचा. प्रत्यक्षात झाले 42 हजारांवर.

अंदाज चुकतातच, असं आपण म्हणू. पण इथे अंदाज कोर्टात साक्षीला येतो. विद्यापीठाला शहराचे बांधकाम नियम लागू नाहीत, मालमत्ता करही नाही, आणि वसतिगृहात जागा मिळते ती एक चतुर्थांश विद्यार्थ्यांनाही नाही. बाकीचे आसपासच्या घरांत. चिडलेल्या रहिवाशांनी 1970 च्या पर्यावरण कायद्याचा आधार घेतला. (त्यावर सही होती तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची, पार्कवर नॅशनल गार्ड धाडणारेही तेच.) ऑगस्ट 2021 मध्ये न्यायाधीशांनी विद्यार्थिसंख्या 2020-21 च्या पातळीवर गोठवली. 3 मार्च 2022 ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती नाकारली. प्रवेशाची पत्रं निघायची वेळ आणि हजारो जागा टांगणीला! मग विधिमंडळाने 11 दिवसांत कायदाच बदलला.

शहराशी तोवर तह झाला होता: विद्यापीठाने 16 वर्षांत 8 कोटी 26 लाख डॉलर द्यायचे, शहराने खटल्यांतून अंग काढायचं. तरी नव्या आराखड्यावर, म्हणजे पार्कवरच्या वसतिगृहावरही, रहिवासी पुन्हा कोर्टात गेले. 2023 मध्ये अपील न्यायालय म्हणालं, विद्यार्थ्यांच्या पार्ट्यांच्या गोंगाटाचाही अभ्यास करायला हवा होता. म्हणजे माणसाचा आवाज हे प्रदूषण! विधिमंडळाने पुन्हा कायदा केला, आणि 6 जून 2024 ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला.

रहिवासी निव्वळ आडमुठे आहेत, असं मला वाटायचं. पण आमच्या घरमालकीणबाईंकडे बघा, ऐंशीच्या आहेत. 69 साली त्यांनी स्वतः पार्कमध्ये रोपं लावली होती. शेजारच्या तीन खोल्यांच्या घरात हल्ली नऊ मुलं राहतात. त्यातला एक नाशिकचा, हॉलमध्ये पडदा लावून झोपतो. बाई त्याला अंगणातली लिंबं देतात. रात्री आवाज वाढला की विद्यापीठाला पत्रही लिहितात. मुलगा म्हणतो, “काकू, लिहाच. मला वसतिगृह हवंय.” त्यांना मात्र पार्कवर ते नकोच.

निकालाच्या दुसर्‍या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात नव्या आराखड्याचा छापील खंड उघडा होता, चहाच्या डागांसकट. 2036-37 चा अंदाज: 48,200 विद्यार्थी. बाईंनी पेन्सिलीने त्याभोवती गोल काढला होता, आणि समासात लिहून ठेवलं होतं, 33,450.