किरकोळ चोरी आणि कायदा

‘किरकोळ चोरी’ हे शब्द आपण घरांत जितक्या सहजपणें उच्चारतों, तितक्या सहजपणें कायदा ते उच्चारीत नाहीं. चोरीच्या व्याख्येंत किंमतीचा उल्लेखच नाहीं. दुसऱ्याच्या ताब्यांतील जंगम वस्तु, त्याच्या संमतीवांचून, अप्रामाणिकपणें नेण्याच्या हेतूनें जागची हलविली कीं चोरी झाली; मग तो चमचा असो वा रत्नहार. व्याख्येखालील उदाहरणें मोठीं मौजेचीं आहेत. खिशांत आमिष ठेवून दुसऱ्याचा कुत्रा पळवूं पाहणारा, कुत्रा मागें चालूं लागतांच चोर ठरतो. दुरुस्तीच्या पैशांसाठीं घड्याळजीनें रीतसर अडवून ठेवलेलें स्वतःचेंच घड्याळ, ते पैसे बुडविण्याकरितां उचलून नेणाराही चोरच!

किंमतीला महत्त्व येतें तें शिक्षेच्या वेळीं. १८६० च्या भारतीय दंड संहितेंत साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होत्या. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनें कलम ३०३ मध्यें एक रेघ आंखली. माल ५,००० रुपयांहून कमी किंमतीचा असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्यानें माल वा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. अशा चोरींत पोलिसांना वॉरंटावांचून अटकही करतां येत नाहीं.

आतां उंबरठ्याच्या आंत येऊं. नोकरानें धन्याची वस्तु चोरल्यास कलम ३०६ लागतें. तेथें कैद ७ वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र, आणि समाजसेवेची सवलत त्या कलमांत लिहिलेलीच नाहीं. म्हणजे बागेंत आपली छत्री लांबविणारा अनोळखी इसम समाजसेवेवर सुटूं शकेल. पण २०० रुपयांची वाटी नेणारी मोलकरीण कोठडीच्या दाराशीं उभी राहील. विश्वासघात अधिक गंभीर, हा त्यामागील विचार समजतो. तरी ही विषमता मला खटकते.

एक पळवाट नव्हे, राजरोस वाट कलम ३३ मध्यें आहे. समंजस मनुष्य ज्याबद्दल तक्रार करणार नाहीं, इतकी क्षुल्लक हानि गुन्हा ठरत नाहीं. मूठभर साखर बहुधा येथेंच बसेल. परंतु तें ठरविणार न्यायालय, तेंही फिर्यादीनंतर. शिवाय संमति शब्दांतच दिली पाहिजे असें नाहीं, वर्तनावरूनही ती मानली जाते. रोज उरलेलें अन्न नेऊं देणाऱ्या गृहिणीनें एके दिवशीं त्याच अन्नाबद्दल चोरीची फिर्याद दिली, तर ती टिकणें कठीण.