पी०२९९ आला म्हणजे टर्बो गेला?

घाट चढताना गाडी ओढेनाशी होते, पिकअप मरतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजात स्कॅनर लावला की पी०२९९ हा कोड निघतो आणि मागोमाग निदान येतं: ‘टर्बो गेलाय, बदलावा लागेल.’ डिझेल गाडीवाल्यांना इतका महागात पडणारा गैरसमज दुसरा नसेल.

कोड एवढंच सांगतो की ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, जेवढा बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) मागितला तेवढा मिळाला नाही. दाब मोजणारा मॅप सेन्सर बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या तोंडाशी असतो. टर्बोपासून तिथवर येताना हवा रबरी होज, क्लॅम्प आणि इंटरकूलर पार करते. वाटेत कुठेही गळती झाली तर टर्बो ठणठणीत असूनही हाच कोड येतो. होजची चीर बहुधा खालच्या अंगाला, वळणावर असते. इंजिन बंद असताना ती मिटलेली, म्हणून नुसतं वाकून पाहिलं तर दिसत नाही. चढावर दाब आला की उघडते, फुस्स आवाज येतो, मागून काळा धूर निघतो. होजच्या खालून बोट फिरवा. काळपट, तेलकट ओल लागली की शोध तिथूनच सुरू करायचा.

पाइपात तेल दिसलं म्हणजे टर्बोचं सील फुटलं, हेही सर्रास ऐकू येतं. क्रँककेसमधली तेलकट वाफ इनटेकमध्येच सोडलेली असते, त्यामुळे आतून पातळ थर असणारच. तेल साचलेलं असेल, इंजिन ऑइल कमी होत असेल आणि धूर निळसर असेल, तर मात्र शंका रास्त. शाफ्ट हलतो म्हणून टर्बो बाद करणारेही असतात. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा हा शाफ्ट साध्या बेअरिंगवर, तेलाच्या थरावर तरंगतो. थंड टर्बोत तो आडवा किंचित हलतोच. पुढे-मागे प्ले जाणवला किंवा पाती घासल्याच्या खुणा दिसल्या, तर निकाल वेगळा.

सेन्सर खोटं बोलतोय का, हे तपासायला पैसे लागत नाहीत. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून स्कॅनरवर मॅपचं रीडिंग बघा. ते तिथल्या हवेच्या दाबाइतकं हवं: मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५च्या आसपास, महाबळेश्वरला ८६च्या.

टर्बोचा बूस्ट कमी-जास्त करणारा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर हातपंपाने व्हॅक्यूम द्या. रॉड न अडखळता सरकला पाहिजे आणि तिथेच टिकला पाहिजे. अडखळला तर काजळीने अडकलेली पाती किंवा वेस्टगेट, टिकला नाही तर फाटलेला डायफ्रॅम. तडकलेली बारीक नळी आणि बूस्ट सोलेनॉइडही यातच बघून घ्यावेत. एअर फिल्टर तर सगळ्यांआधी.

‘कोड पुसून टाकतो, बघू परत येतो का’ हा उपाय सर्वांत वाईट. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. म्हणजे किती आरपीएमला, किती लोडवर बूस्ट पडला, ही नोंदच हातची जाते. पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढायला सांगा.

एवढं करूनही टर्बोच दोषी ठरला, तर तो का गेला हे मेकॅनिकला विचाराच. तेल पुरवणारी बारीक लाइन कार्बनने चोंदली असेल आणि तीच पुन्हा जोडली, तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. बिल देण्याआधी त्यात ती लाइन आणि ताजं ऑइल आहे का, ते पाहा.