सात ते बारा

१८८१ चा पंधरावा कायदा, म्हणजे हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी अ‍ॅक्ट, बालपणाची हद्द आखून देतो. सातच्या आतलं मूल कारखान्यात घेऊ नये. सात ते बारा वयाच्या मुलाला दिवसाला नऊ तासांहून जास्त राबवू नये, मधे तासाभराची सुटी द्यावी आणि महिन्यातून चार दिवस मोकळं सोडावं. बारा पूर्ण झाली की तो मोठा माणूस. मग त्याच्या कामाच्या तासांना कायद्याची काही मर्यादा नाही. गिरणगावाविषयी हाती लागेल ते वाचण्याचा मला कॉलेजपासूनचा नाद आहे. संप, चाळी, खानावळी, भोंगे यांवर पुष्कळ वाचून झालं, तरी या ‘सात ते बारा’पाशी मी परत परत येऊन थांबतो. कारण मुलांच्या आयुष्यातली हीच वर्षं त्याच सुमारास पुण्यातला एक माणूस दुसऱ्याच कामासाठी मागत होता.

कायद्याची जन्मकथा परिचित आहे, म्हणून ती भरभर सांगतो. मुंबईच्या गिरण्या वाढल्या तशी लँकेशायरच्या मालकांना धडकी भरली. इथले कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबतात, त्यांत कोवळी पोरं असतात, अशी ओरड विलायतेत सुरू झाली आणि लॉर्ड शॅफ्ट्सबरींनी १८७५ साली हा प्रश्न लॉर्डांच्या सभागृहात नेला. त्याच वर्षी मुंबई सरकारने कलेक्टर आर्बथनॉट यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमलं. त्यात गिरणीमालकांचा भरणा होता. साक्षी झाल्या, आठ वर्षांची आणि त्याहून लहान मुलं कामावर असल्याचं पुढे आलं, आणि बहुमताने ठरलं की कायद्याची गरज नाही.

या सगळ्या गर्दीत मला एका माणसाचं फार अप्रूप वाटतं: सोराबजी शापूरजी बंगाली. आडनाव बंगाली, माणूस पारशी. गुजराती नियतकालिकं चालवणारा, मुलींच्या शाळांसाठी धडपडणारा. पुढे जॉर्ज किट्रेज यांच्या जोडीने बायकांसाठी वैद्यकीय निधी उभारून डॉ. एडिथ पिची यांना मुंबईत आणणाऱ्यांतलाही तो एक. १८७८ साली बंगालींनी गिरण्यांतल्या कामाच्या तासांवर बंधन घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा तयार केला. तो मुंबईच्या कायदेमंडळात मांडायला सरकारने परवानगी दिली नाही. ज्यांच्यात रोजची ऊठबस होती त्या शेटमंडळींच्या रोषाला तोंड देऊन त्यांनी हा विषय लावून धरला. आज त्यांचं नाव कामगार चळवळीच्या इतिहासात एखाद्या ओळीपुरतं येतं. मला हे अन्यायाचं वाटतं.

कारण तेव्हा विरोधात कोण होतं ते पाहा. जवळजवळ सगळी देशी वर्तमानपत्रं! लँकेशायरचा स्वार्थ उघड होता, हे खरंच आहे. सुती कापडावरची आयात जकात उठवावी म्हणून तेच लोक सरकारच्या मागे लागले होते आणि १८८२ मध्ये त्यांनी ती उठवूनही घेतली. तेव्हा मँचेस्टरला आपल्या पोरांचा एकाएकी कळवळा कसा आला, हा प्रश्न वाजवी होता. पण त्या प्रश्नाआड आपल्या लोकांनी जे लिहिलं ते वाचवत नाही. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने १८७५ सालीच मांडणी केली होती की, नुकता उगवलेला उद्योग बुडण्यापेक्षा कामगारांत मृत्यूचं प्रमाण वाढलेलं पत्करलं. देशभक्तीच्या हिशेबात मजुराचं मूल खर्ची टाकायला त्यांची तयारी होती.

याला अपवाद पुण्यातून निघाला, ही मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. इतिहासकार बिपन चंद्र यांनी नोंदवलं आहे की, आगरकरांच्या प्रभावाखालच्या ‘मराठा’ने या वादात कामगारांची बाजू घेतली आणि मालकांनी त्यांना सवलती द्याव्यात असं सुचवलं. लँकेशायरचा हेतू वाईट आहे एवढ्याने गिरणीतल्या पोराचे हाल खोटे ठरत नाहीत, इतका विवेक त्या गदारोळात दाखवणं सोपं नव्हतं. आगरकर आपल्याला संमतिवय आणि सोवळ्या-ओवळ्याच्या वादांतून आठवतात. त्यांच्या नावाशी हेही जोडलं जायला हवं.

आता त्या कायद्यात काय नव्हतं, त्याकडे वळू. मला यातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हेच. इंग्लंडात १८४४ च्या कायद्यापासून कापडगिरणीतल्या मुलाला अर्धा दिवस काम आणि उरलेल्या वेळात शाळा अशी सक्ती होती. १८८० साली, म्हणजे आपल्या कायद्याच्या आदल्याच वर्षी, तिथे पाच ते दहा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेची हजेरी सक्तीची झाली. हिंदुस्थानसाठी कायदा लिहिताना तासांची कल्पना तेवढी उचलली आणि शाळा मागेच ठेवली. नऊ तासांनंतर मूल कुठे जाणार, याबद्दल कायद्यात अवाक्षर नाही. आई-बाप साच्यावर, चाळीतली खोली बंद. तेव्हा पोर तिथेच, गिरणीच्या आवारात. भरलेल्या बाबिनी काढून रिकाम्या चढवायच्या आणि तुटलेले धागे सांधायचे, हे त्याचं काम हाकेसरशी पुन्हा सुरू करायला कितीसा वेळ लागणार?

आणि वय ठरवायचं कसं? जन्माची नोंद बहुतेकांची नव्हती. डॉक्टर अंगलट बघत, दात तपासत आणि आकडा घालत. मुलाच्या हक्काचा कायदा असा त्याच्या दाढांवर येऊन टेकला होता.

आता पुण्यातला तो माणूस. १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख असलेलं जोतीराव फुल्यांचं हंटर कमिशनपुढचं निवेदन मराठी शाळकरी मुलांनाही ऐकून माहीत असतं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, हा त्यातला मुद्दा सगळे सांगतात. मी ते निवेदन बालमजुरीचा कागद म्हणून वाचतो. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, निदान बारा वर्षांपर्यंत तरी, असं फुले त्यात म्हणतात. बारा! मुलाला गिरणीत नऊ तास जुंपायला वर्षापूर्वी कायद्याने ज्या वयापर्यंत मुभा दिली, नेमक्या त्याच वयापर्यंत फुले त्याला शाळेत मागत होते. ते नुसते मागून थांबले नाहीत. कुणब्याचं पोर शाळेत का येत नाही, तर घरची गरिबी आणि गुरं राखायला, शेतात हाताशी लागणारं माणूस, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. म्हणून शिष्यवृत्त्या द्या, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसं द्या, असा उपाय त्यांनी सुचवला. पोराच्या मजुरीने घराला होणारा आधार शाळेने थोडा तरी भरून द्यावा, हा विचार मला त्या निवेदनातला सर्वात आधुनिक भाग वाटतो.

नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचेच सत्यशोधक अनुयायी. मांडवीच्या गिरणीत ते स्टोअरकीपर होते. ती नोकरी सोडून १८८० मध्ये त्यांनी ‘दीनबंधु’ हाती घेतला. १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय.

मुलांविषयी एकही मागणी नाही. लोखंड्यांना मुलं दिसत नव्हती असं मी मानत नाही. गिरणीच्या आत बसून काम केलेला तो माणूस. माझं मत असं की, त्यांना घराचा हिशेब ठाऊक होता. पोराची मजुरी हा कुटुंबाच्या कमाईचा भाग होता आणि ती बंद करा म्हणणाऱ्या कागदावर बापाने सही केली नसती. बापाचा रविवार आणि वेळेवरचा पगार आधी मिळवायचा, हा त्यांनी धरलेला मार्ग. त्यात त्यांना यशही आलं. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन बायका भाषणाला उभ्या राहिल्या आणि जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. पण गुरूची शाळा आणि शिष्याचा रविवार या दोन मागण्या एका कागदावर कधी आल्या नाहीत. आल्या असत्या तर, असं मला फार वाटतं.

पुढची चाळीस वर्षं आकडे सरकत राहिले. १८९१ मध्ये किमान वय नऊ झालं, चौदापर्यंत सात तास. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, दिवस लांबले आणि पुन्हा चौकश्या बसल्या. १९११ मध्ये कापडगिरण्यांतल्या मुलांना सहा तासांची मर्यादा आली. त्याच १९११ मध्ये गोखल्यांनी सहा ते दहा वयाच्या मुलांसाठी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं. तेही किती सौम्य, स्थानिक संस्थांनी हवं तर लागू करावं असं! सरकारने पैशाची अडचण सांगितली, जमीनदारांना मजूर तुटण्याची भीती वाटली, आणि १९१२ च्या मार्चमध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ पासून संस्थानभर सक्ती लागू केली होती. त्यामुळे हिंदुस्थानात हे जमणारच नाही, या म्हणण्यात तेव्हाही दम नव्हता.

शाळा आणि मजुरी यांची गाठ पुन्हा घट्ट बांधली ती शांता सिन्हांच्या एम. व्ही. फाउंडेशनने, तेव्हाच्या आंध्रातल्या रंगारेड्डी जिल्ह्यात, १९९१ पासून. त्यांचं म्हणणं सरळ होतं: शाळेबाहेरचं प्रत्येक मूल बालकामगार धरा. मग ते धोकादायक कामावर आहे की साध्या, पगारी आहे की घरचं, असल्या काथ्याकुटात शिरायचं नाही. मोठ्या झालेल्या मुलांना काही महिने निवासी शिबिरात ठेवून त्यांच्या वयाच्या वर्गापर्यंत आणायचं आणि थेट सरकारी शाळेत बसवायचं. याच्या अगदी उलट बाजूला कर्नाटकातली भीमा संघ ही १९९० मध्ये उभी राहिलेली काम करणाऱ्या मुलांचीच संघटना. आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला विचारा, असं ती मुलं म्हणत होती. दोन्हीकडची माणसं कळकळीची आहेत. मुलाला विचारलंच पाहिजे, हे भीमा संघाचं म्हणणं मला पटतं; पण दहा वर्षांच्या मुलाचं मत त्याच्या घरातल्या पिठाच्या डब्याकडे बघून तयार होतं, म्हणून मी सिन्हांच्या बाजूचा.

आणि म्हणूनच बालमजुरी कायद्याची २०१६ ची दुरुस्ती मला खुपते. चौदाच्या आतल्या मुलांना सगळ्या कामांवर बंदी घालताना तिने घरच्या धंद्याला सूट दिली. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मुलाने घरच्यांना हातभार लावावा, हे कायदेशीर ठरलं. शाळा सुटल्यानंतरचे तास मोजायला घराघरांत जाणार कोण? फुल्यांनी ज्याला अडथळा म्हटलं होतं, ते घरचं काम कायद्याने वैधच ठेवलं.

बीड, अहिल्यानगरच्या ऊसतोड टोळ्यांत हा अडथळा दरवर्षी दिसतो. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. सोबत निघालेलं पोर मोळ्या वाहतं, धाकट्याला सांभाळतं, बैलांना वाढं घालतं. वहीत त्याचं नाव नसतं. कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवून पाहिल्या गेल्या. मुलांना आजी-आजोबांपाशी गावातच ठेवून जेवू घालणारी हंगामी वसतिगृहं सरकारच्या योजनेत आहेत, आणि हा उपाय फुल्यांच्या सूचनेच्या सर्वात जवळचा आहे. फक्त त्याला वेळ पाळावी लागते. टोळ्या दसऱ्यानंतर हलू लागतात आणि एकदा मूल ट्रकमध्ये चढलं की परत येतं ते मार्च-एप्रिलात, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. वसतिगृहाची मंजुरी, शिधा आणि स्वयंपाकाची सोय सप्टेंबर संपायच्या आत गावात पोहोचली पाहिजे. हा अंक वाचणाऱ्यांत जिल्हा परिषदांचे सदस्य, गटशिक्षणाधिकारी, साखर कारखान्यांचे संचालक असतील. पुढच्या हंगामासाठी ही तारीख त्यांनी आत्ताच लिहून ठेवावी.