धूर झोपलेल्याला उठवत नाही

आगीत माणूस कशाने दगावतो, असे विचारले तर बहुतेक जण 'भाजून' असेच उत्तर देतील. प्रत्यक्षात बंद घरातल्या आगीत ज्वाळांच्या आधी धूर माणसाला गाठतो. ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण मृत्युमुखी पडले. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचली नव्हती, ते धुराने गुदमरले असावेत, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले. त्याआधी ३० ऑगस्ट २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत दुकानातच झोपलेले आई, वडील आणि दोन मुले असे चौघे पहाटेच्या आगीत गेले.

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, ही आपल्याकडच्या बाजारपेठांची जुनी रीत आहे. अशाच घरात राहणारे एक वाचक विचारतात, "डॉक्टरसाहेब, आगीचा गजर बसवायचा आहे. बाजारात बरेच प्रकार दिसतात. कोणता घ्यावा?" हा प्रश्न इलेक्ट्रिशियनचा वाटेल, पण माझ्या मते तो आधी आरोग्याचा आहे.

धूर शरीरात काय करतो?

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. अर्धवट जळणाऱ्या कापड, लाकूड, कागदातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला चिकटण्याची त्याची ताकद प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असते. तो एकदा चिकटला की प्राणवायूला जागाच उरत नाही. आधी डोके दुखते, मग गरगरते, मळमळते, पायांतले बळ जाते आणि शुद्ध हरपते. फोमची गादी, रेक्झिन, प्लॅस्टिक जळू लागले तर सायनाइडसारखे विषारी वायूही त्यात मिसळतात. त्यामुळे जाग आलेला माणूसही कधी कधी कडीपर्यंत पोहोचत नाही.

"वास आला की उठूच की," असे अनेकांना वाटते. हा भरवसा धोक्याचा आहे. गाढ झोपेत वासाने जाग येईलच, असे नाही. कान मात्र झोपेतही बऱ्यापैकी जागा असतो. म्हणून गजर हवा. तो आग विझवत नाही, पण बाहेर पडायला लागणारी चार मिनिटे मिळवून देतो.

गजराचे प्रकार

घरासाठी मुख्यतः धूर ओळखणारे यंत्र, म्हणजे स्मोक डिटेक्टर लागते. त्यात दोन जाती आहेत. 'आयोनायझेशन' जातीच्या यंत्रात किरणोत्सर्गी अमेरिसियमचा अगदी सूक्ष्म अंश असतो. भडकन पेटणारी आग ते लवकर ओळखते, पण फोडणीच्या धुरानेही चटकन ओरडते. 'फोटोइलेक्ट्रिक' जातीत प्रकाशाचा किरण असतो. धुराच्या कणांनी तो विखुरला की गजर होतो. धुमसणारी आग ही जात लवकर पकडते. कापसाची गादी, कापडाचे गठ्ठे, तापलेली वायर हे सारे आधी बराच वेळ धुमसते. म्हणून झोपायच्या खोलीसाठी, जिन्यासाठी आणि कापडाच्या दुकानासाठी मी फोटोइलेक्ट्रिकच सुचवेन.

तिसरा प्रकार उष्णता ओळखणारा, हीट डिटेक्टर. ठरावीक तापमान गाठले किंवा तापमान झपाट्याने वाढले की तो वाजतो. स्वयंपाकघर, पिठाची गिरणी, मिरची कांडप अशा धुराच्या, धुळीच्या जागी तो योग्य. पण उष्णता धुराच्या मागून येते. झोपलेल्या माणसाच्या रक्षणासाठी केवळ त्याच्यावर विसंबू नये.

गॅसगळती ओळखणारे यंत्र वेगळे असते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने ते यंत्र जमिनीलगत लावतात, तर धुराचे यंत्र छताला. कार्बन मोनॉक्साइडचे यंत्रही निराळे. गॅस गीझर बंद न्हाणीघरात असेल तर धूर न दिसताही हा वायू जीव घेऊ शकतो. अशा घरी आधी गीझर बाहेर मोकळ्या हवेत हलवावा आणि मगच यंत्राचा विचार करावा.

कुठे बसवावा?

प्रत्येक झोपायच्या खोलीत एक, खोल्यांबाहेरच्या बोळात एक आणि प्रत्येक मजल्यावर निदान एक, हा चांगला नियम. एकच घेणे परवडत असेल तर तो झोपायच्या खोल्या आणि जिना यांच्या मध्ये लावावा. जागा छताच्या मध्याजवळची, पंख्याच्या पात्यांपासून तीन फूट आणि चुलीपासून दहा फूट दूर असावी. देवघरातल्या उदबत्ती-धूपाच्या थेट वर लावू नये. रोज वाजणारा गजर माणसे चार दिवसांत काढून ठेवतात, आणि काढून ठेवलेला गजर नसल्यासारखाच.

पत्र पाठवणाऱ्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. रात्री बंद शटरच्या आत वाजणारा गजर वरच्या माळ्यावर, पंख्याच्या आवाजात ऐकू येईल का? येईलच असे नाही. म्हणून एकमेकांना जोडलेले गजर घ्यावेत. दुकानातल्या यंत्राने धूर ओळखला की वरचेही त्याच क्षणी वाजले पाहिजे. अशी जोडणी तारेने होते किंवा बिनतारीही मिळते. तुमच्या घरात कोणत्या जातीचे यंत्र आहे, यापेक्षाही झोपलेल्याच्या कानापर्यंत आवाज पोहोचतो का, हे मोलाचे आहे.

घरगुती गजर दहा फुटांवर सुमारे ८५ डेसिबल आवाज करतो, पण तो बहुधा उंच पट्टीत असतो. वयानुसार उंच पट्टीचेच आवाज आधी ऐकू येईनासे होतात. लहान मुलेही त्या आवाजाने अनेकदा जागी होत नाहीत. आजी-आजोबांसाठी खालच्या पट्टीचा गजर किंवा उशीखाली थरथरणारे साधन मिळते. ते जमत नसेल तर कोणी कोणाला उठवायचे, हे घरात आधीच ठरवून ठेवावे.

दुकान, लॉज, दवाखाना, कारखाना

मोठ्या जागेत सुटे गजर पुरत नाहीत. तिथे सर्व डिटेक्टर एका पॅनेलला जोडतात. साध्या पॅनेलवर आग कोणत्या विभागात आहे, एवढेच कळते. 'ॲड्रेसेबल' पॅनेल नेमके कोणते यंत्र वाजले, तेही सांगते. चार-पाच खोल्यांच्या जागेला साधे पॅनेल चालते. अनेक मजले आणि अनेक खोल्या असतील तर दुसरे घ्यावे, कारण शोधण्यात वेळ जाता कामा नये. शिवाय काच दाबून गजर करण्याची लाल पेटी जिन्याशी असावी, हूटर सर्वत्र ऐकू यावा आणि वीज गेली तरी पॅनेल बॅटरीवर चालावे. या यंत्रणेसाठी भारतीय मानक आयएस २१८९ हे आहे. कोटेशन घेताना त्यानुसारच काम करणार का, हे लेखी घ्यावे.

'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' या कायद्याखाली येणाऱ्या इमारतींच्या मालकांनी आपली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते. ते केवळ फाइलसाठी घेऊ नये. तपासणीच्या दिवशी हूटर प्रत्यक्ष वाजवून घ्यावा.

निगा

महिन्यातून एकदा यंत्राचे बटण दाबून पाहावे. बदलता येणारी बॅटरी वर्षातून एकदा बदलावी. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत कोरड्या मऊ ब्रशने धूळ व जाळी काढावी, पण रंग देताना यंत्रावर रंग लावू नये. मधूनमधून 'टिक' असा आवाज येऊ लागला तर बॅटरी संपत आली, असे समजावे. दहा वर्षांनी यंत्रच बदलावे.

गजर वाजला तर

दागिने, कागदपत्रे शोधत बसू नये. धूर वर साचतो, म्हणून वाकून किंवा रांगत निघावे. बंद दाराला आधी हाताची पालथी बाजू लावावी. दार गरम असेल तर उघडू नये, दुसरी वाट धरावी. ओला रुमाल धुराचे कण थोडेफार अडवतो, विषारी वायू अडवत नाही. त्याच्या भरवशावर आत थांबू नये. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ वर फोन करावा आणि कोणत्याही कारणाने परत आत जाऊ नये.

एक सूचना डॉक्टर म्हणून. धुरात सापडलेला माणूस बाहेर आल्यावर ठीक दिसला तरी त्याला रुग्णालयात न्यावे. डोकेदुखी, घोगरा आवाज, नाकात किंवा थुंकीत काजळी ही धोक्याची चिन्हे आहेत. श्वासमार्गाची सूज काही तासांनीही वाढते. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून निर्धास्त होऊ नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते आणि तो ९८ आकडा दाखवतो. यावर खरा उपचार म्हणजे मास्कने दिलेला शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत हा विषारी वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

वर राहणाऱ्यांनी आज रात्री एवढे तरी करावे. शटर बंद केल्यावर दुकानातून बाहेर पडायची दुसरी वाट आहे का, ते पाहावे. गॅलरीच्या किंवा गच्चीच्या कुलपाची किल्ली दाराशेजारीच टांगावी. जिन्यातला माल हलवावा. जिन्यात किंवा उशाशी गाडीची बॅटरी चार्जिंगला लावून झोपू नये. मग गजर बसवावा आणि पहिल्याच रात्री, सगळे झोपल्यावर, खालचे बटण दाबून वर कोण कोण उठते ते पाहावे.