कागद करणाऱ्या गावाचे कागद

पुण्याच्या शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय मुळात एका माणसाचे घर. दिनकर गंगाधर केळकर (जन्म १८९६) यांचे चष्म्याचे दुकान होते, ‘अज्ञातवासी’ नावाने ते कविताही लिहीत. पत्नी कमलाबाईंसह त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, कोरीव दरवाजे असे काय काय गोळा केले आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहाला दिले. सुमारे वीस हजार वस्तू! पुढे सारे त्यांनी सरकारच्या स्वाधीन केले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही इथेच आणून उभे केले आहेत. तिची कबर मात्र आपल्या बाजूला, पाबळला.

महालापेक्षा दौतींपाशी आमचा पाय अडखळला. दौत आली की कागद आलाच, आणि कागद म्हटला की जुन्नर. चिंध्या-गोणपाट कुटून लगदा करायचा, नदीच्या पाण्यात धुवायचा, जाळीवर अलगद उचलायचा, वाळला की घोटून गुळगुळीत करायचा. हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम कागदी कुटुंबांनी केले. मराठी दप्तरांत जुन्नरी कागद जागोजाग भेटतो. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला.

दुसऱ्यांची दप्तरे टिकवणाऱ्या या गावाची स्वतःची दप्तरे कुठे आहेत? घराघरांतल्या ट्रंकांत. मरहूम दादांची ट्रंक आमच्याही माळ्यावर होती. घर पाडताना घाईत ती रद्दीवाल्याला गेली. फारसी कुणाला येत नव्हते, मोडी तर नाहीच. दोष आमचाच.

म्हणून जुन्नर, मंचर, घोडेगावच्या वाचकांना विनंती, विशेषतः भगिनींना. कारण ट्रंकेच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असतात. जुने कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. पूर्वीचे लोक रुमालात बांधत, तसेच स्वच्छ सुती कापडात, कोरड्या जागी ठेवा. फोटो काढून घ्या. अस्सल कागद कुणाच्याही हाती सोपवायची घाई नको. मोडी वाचणारे जाणकार पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात भेटतात. ही संस्था १९१० पासून हेच काम करते आहे.

आमच्या फुफूंकडे एकच कागद उरला आहे, कुराणशरीफच्या गिलाफात जपलेला. पुढच्या जुम्म्यानंतर तो घेऊन आम्ही पुण्याला जाणार आहोत. फुफू म्हणतात, मीही येते, कागद एकटा पाठवायचा नाही.