मुरूम जातील, पण मलम जपून लावा

मुलामुलींच्या तोंडावर मुरूम उठले की घरोघरी घडणारा प्रकार आम्ही नेहमी पाहतो. शेजारीण नाव सांगते, मेडिकलमधून ट्यूब येते, चार दिवसांत चेहरा उजळतो. पण असा झटपट गुण देणाऱ्या मलमात पुष्कळदा स्टिरॉइड असते. पुढे कातडी पातळ होते, लाली येते, मुरूम अधिकच उठतात. चेहऱ्याला लावायच्या मलमावर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे नाव दिसले तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते लावू नका. आधीच लावत असाल तरीही डॉक्टरांना दाखवा.

मुरुमांवर डॉक्टर बहुधा जोडीचे औषध देतात. क्लिंडामायसिन एकटेच लावले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. म्हणून सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड असते. दुसऱ्या जोडीत ॲडापॅलीन असते. ते बुजलेली छिद्रे मोकळी करते.

ॲडापॅलीनची जोडी रात्री लावतात. तोंड धुऊन, कोरडे करून, वाटाण्याएवढे जेल चेहऱ्यावर पातळ पसरावे. डोळे, ओठ वगळावेत. प्रथम एक दिवसाआड लावावे. थोडी आग होते, कातडी कोरडी पडते. बेंझॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, म्हणून उशीला जुना अभ्रा घालावा. गरोदर भगिनींनी ॲडापॅलीन टाळावे.

गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात. तेवढा धीर धरा. खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयातील त्वचारोग विभागात जा. आपल्याला मुरूम बरे करायचे आहेत, मुलीला गोरे करायचे नाही, एवढे आयांनी ध्यानात ठेवावे.