गाडी ओढत नाही, म्हणजे नक्की काय होतं?

(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)

मेकॅनिकलला अ‍ॅडमिशन झाली की घरच्यांची एक समजूत होऊन बसते. पोरगा आता गाड्या दुरुस्त करतो! आपण इकडे कार्नो सायकलच्या आकृत्या काढत असतो, पण हे गावात कुणाला सांगणार? माझ्यावर ती वेळ गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आली.

माझं गाव रोहिणखेड, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अगदी पायथ्याशी. घाटाच्या तोंडाशी असल्यामुळे इतिहासातही गावाचं नाव आहे. १४३७ साली बहमनी आणि खानदेशच्या फौजा इथेच भिडल्या होत्या. आता फौजा नाहीत, पिकअप आहेत. माझ्या काकांचीही एक आहे, भाड्याने चालते. मोताळा, राजूर घाट, बुलढाणा असा वर भाजीपाला न्यायचा आणि येताना सिमेंट नाहीतर खत भरून घाट उतरायचा. गाडीचे हप्ते अजून चालू आहेत, हे मुद्दाम सांगतो. कारण पुढची सगळी गोष्ट त्या हप्त्यांभोवती फिरते.

मी घरी पोचलो त्याच संध्याकाळी काका म्हणाले, "गाडी वढत नाही रे. घाटात काटा बी वर जाते." एका गॅरेजवाल्याने न उघडताच निदान करून ठेवलं होतं : हेड उतरवावं लागेल, बहुतेक रिंगाही गेल्या असतील. त्याने जो आकडा सांगितला त्यात तीन-चार हप्ते सहज बसले असते. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंजिनिअर. (सातव्या सेमिस्टरचा, एक बॅकलॉग.)

मी काय केलं ते आधी सांगतो, कारण ते चुकीचं होतं. गाडी तापते म्हणजे कूलिंगचा प्रॉब्लेम, हे सूत्र डोक्यात पक्कं. सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून सेल मारला. बुडबुडे येतात का पाहिलं. हेड गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो आणि पाणी सतत बुडबुडतं. बुडबुडे नव्हते. पाणी कमी झालेलं नव्हतं, ऑइल दुधाळ नव्हतं, फॅनबेल्ट घट्ट होता. इथपर्यंत ठीक. (गरम गाडीचं झाकण मात्र कधीही उघडू नका. दाबाखालचं पाणी शंभरला उकळत नाही, एक बार जादा दाबाला ते साधारण १२० अंशांपर्यंत द्रव राहतं. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि ते सगळं तोंडावर.) मग मला वाटलं थर्मोस्टॅट अडकला असेल, आणि मी तो काढूनच टाकला. आपल्याकडे अर्ध्या गाड्या अशाच थर्मोस्टॅटशिवाय फिरतात. "आपल्या हवेत त्याचं काय काम?" असं बिनधास्त सांगितलं जातं. पण थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर तापत नाही, डिझेल जास्त खातं, सिलिंडरची झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करण्याचं कामही तोच करतो. तो काढला तर थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता मधल्यामध्येच फिरत राहतं. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून काढायचा आणि ती उलट तापायची!

काका एक खेप करून आले. फरक शून्य.

मग आम्ही उस्तादांकडे गेलो. उस्ताद म्हणजे आमच्या भागातले जुने मिस्त्री. जुन्या जीप, काळी-पिवळी, सुमो, सगळ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. काकांना विचारलं, "चढाला इंजिनचा आवाज चढतो का बसतो?"

मला तेव्हा हा प्रश्न उगाच वाटला. पण विचार करा. आवाज चढतो आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचतच नाही : क्लचप्लेट घसरते आहे. त्याचा जळका वासही येतो. याची परीक्षा सोपी आहे. सपाट जागी हॅंडब्रेक घट्ट ओढायचा, समोर कुणी उभं राहायचं नाही, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच बरा, चालूच राहिलं तर गेला. (दोनदा-तीनदा करत बसू नका, धड असलेली प्लेटही जळेल.) उलट आवाज बसत असेल तर दोनच शक्यता राहतात. एक तर इंजिन ताकद देत नाही, किंवा ते देतंय पण कुणीतरी गाडीला मागून धरून ठेवलंय.

काका म्हणाले, "बसते."

उस्तादांनी दुसरा प्रश्न विचारला, "और कुछ? आणखी काही झालं का, कधी पण?" काका जरा थांबले. मग म्हणाले की परवा सिमेंट घेऊन घाट उतरताना एकदा ब्रेकचं पॅडल नरम होऊन खाली गेलं होतं. दोन-चारदा पंप केल्यावर लागलं. खाली येऊन चहा घेतला, पाहिलं तर पॅडल पहिल्यासारखं. म्हणून कुणाला सांगितलं नाही.

घरी सांगितलं नव्हतं. मलाही नाही, गॅरेजवाल्यालाही नाही. कारण त्यांच्या दृष्टीने तक्रार इंजिनाची होती, ब्रेकचा काय संबंध?

उस्ताद गाडीत बसले आणि आम्ही आठेक किलोमीटर सपाट रस्त्याने जाऊन आलो. अट एकच : ब्रेक शक्यतो दाबायचा नाही. वाटेत रस्ता मोकळा पाहून, वेग वीस-पंचवीस असताना, इंजिन चालू ठेवून त्यांनी गाडी न्यूट्रल केली. रिकामी पिकअप सपाटीवर बऱ्यापैकी लांब गडगडत जायला हवी. ही लवकरच मंदावली आणि शेवटी कुणी पाय दिल्यासारखी उभी राहिली. (इंजिन बंद करून हा प्रयोग करू नका. ब्रेकचा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो, आणि बऱ्याच डिझेल गाड्यांत तो व्हॅक्यूम अल्टरनेटरच्या मागे बसवलेल्या छोट्या पंपातून येतो. इंजिन बंद, पंप बंद.) परत आल्यावर उस्तादांनी बाटलीतलं पाणी बोटाने एकेका ड्रमवर शिंपडलं, चार-चार थेंब. तीन चाकांवर पाणी ओघळलं. मागच्या डाव्या चाकावर चर्र झालं.

"पहले हात लगाओ, बाद में पाना," एवढंच ते म्हणाले. मी थर्मोस्टॅटचा विषय काढला नाही.

आता एक चाक धरतंय हे कळलं, पण का? मला सगळ्यात आवडला तो हा भाग. आपल्या फॉल्ट-ट्रीच्या लेक्चरला हे उदाहरण दिलं असतं तर निदान मी तरी झोपलो नसतो. चारही चाकं धरत असती तर दोष वर शोधायचा, म्हणजे मास्टर सिलिंडर किंवा पॅडलला फ्री-प्ले नसणं. मागची दोन्ही धरत असती तर चेसिसवरून मागच्या अ‍ॅक्सलला येणारा रबरी होज. तो आतून सुजला की दाब जातो पण परत येत नाही. हा होज दोन्ही चाकांना मिळून एकच असतो. म्हणून एकच चाक धरत असेल तर होज निर्दोष. आता उरलं त्या चाकाचंच काहीतरी. चाक जॅकवर घेतलं आणि आधी हॅंडब्रेकच्या केबलचा अ‍ॅडजस्टर सैल केला. त्यानेही चाक सुटलं नसतं तर ब्लीडर निपल उघडायचा होता. निपलमधून ऑइल उडून चाक सुटलं तर दोष हायड्रॉलिकचा, तरीही सुटलं नाही तर आतल्या लायनर किंवा स्प्रिंगचा. आमच्या बाबतीत तिथवर जावंच लागलं नाही. अ‍ॅडजस्टर सैल करताच चाक हाताने फिरलं. केबिनमधला हॅंडब्रेकचा दांडा पूर्ण खाली होता, पण केबल परत आली नव्हती. बाहेर काढली तर तिचं आवरण एका जागी घासून फाटलेलं, आणि आत पावसाळ्यातली काळी माती शिरून सिमेंटसारखी बसलेली. आपल्याकडची काळी माती माहीतच आहे, चपलेला लागली तर चप्पल सोडावी लागते.

म्हणजे गाडी दोन महिने हॅंडब्रेक थोडा लावलेला ठेवूनच घाट चढत होती. इंजिन बिचारं जास्त काम करत होतं म्हणून काटा वर जात होता आणि थोडा काळा धूर होता. रिंगा ठणठणीत.

आता ते नरम पॅडल. हिशोब करून पाहू. भरलेली पिकअप अडीच टन धरा आणि उतार २०० मीटर उंचीचा धरा. एम-जी-एच काढलं तर सुमारे ४९ लाख ज्यूल होतात. साधारण १५ लिटर पाणी, म्हणजे हॉस्टेलची एक बादली, नळाच्या थंडीपासून उकळीपर्यंत न्यायला एवढीच उष्णता लागते. इंजिन ब्रेकिंग आणि हवेचा विरोध थोडी खातात, उरलेली सगळी ड्रममध्ये आणि डिस्कमध्ये जाते. त्यात एक ड्रम घाटमाथ्यावर पोचायच्या आधीच तापलेला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळायला नको असा नियम आहे, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० वर येते. त्या चाकाच्या सिलिंडरमध्ये ऑइल उकळलं, वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल खाली गेलं. खाली येऊन चहा होईपर्यंत वाफ पुन्हा थंड होऊन द्रव झाली, म्हणून पॅडल पहिल्यासारखं. खाणाखुणा काहीच नाहीत. हे उस्तादांनी दोन वाक्यांत सांगितलं तेव्हा काका खाली बसले.

नवी केबल तीन आकड्यांत आली. लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते, ते मागच्या दोन्ही चाकांना बदलले, कारण एकाच बाजूला नवे टाकले तर ब्रेक मारताना गाडी ओढली जाते. चाकातलं ग्रीस वितळलं होतं, ते धुऊन नवं भरलं. जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून हवा काढली. दोन दिवसांचं काम, त्यातला एक दिवस सामान आणण्याचा.

उरलेली सुट्टी मी उस्तादांच्या अंगणातच काढली. तिथे पाहिलेलं थोडं सांगतो.

एक फोर-व्हील-ड्राइव्ह जीप आली. आपल्याकडे १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली. तक्रार अशी की चिखलातून निघाल्यावर फोर-व्हीलचा लिव्हर परत निघत नाही आणि वळताना गाडी अडखळते. मालकाने लिव्हर हातोडीने ठोकून वाकवला होता. खरं तर काहीच बिघडलं नव्हतं. अशा गाडीत फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर जायचं असतं. चिखलात चाक घसरून हा फरक भरून निघतो, डांबरावर घसरत नाही. मग तो पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरच्या दातांत साठतो आणि लिव्हर जखडतो. उस्तादांनी गाडी सरळ चार-पाच मीटर रिव्हर्स घेतली, लिव्हर बोटाने निघाला. पुढे नवे आणि मागे घासलेले टायर असले तरी सरळ रस्त्यावरसुद्धा हेच होतं. म्हणून डांबरावर फोर-व्हील नको.

दुसरी एक पिकअप, निघताना 'टक्क' आवाज आणि वेगात थरथर. 'टक्क' म्हणजे क्रॉस, अर्थात आपला युनिव्हर्सल जॉइंट. क्रॉस बदलला, टक्क गेलं, थरथर मात्र वाढली! दुसरीकडे काम करताना कुणीतरी प्रोपेलर शाफ्ट सोडून परत जोडताना स्प्लाइनचे दात चुकवले होते, त्यामुळे दोन्ही टोकांचे योक एका रेषेत नव्हते. थिअरी ऑफ मशीन्समध्ये आपण पाठ करतो तेच : कोन १५ अंश असेल तर जॉइंटच्या पलीकडचा वेग एका फेरीत सुमारे ०.९७ पट ते १.०४ पट असा वर-खाली होतो. दुसरा जॉइंट ही चूक खोडून काढतो, पण योक एका रेषेत असतील तरच. शाफ्ट सोडण्याआधी खडूने खूण करा, संपलं.

धुराबद्दल सगळ्यांना माहीत असतं : काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी (आधी एअर फिल्टर झटका), निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाणी. एक गोष्ट मात्र जुन्या मिस्त्रींनाही सांगावी लागते. कोणता सिलिंडर मारत नाही हे शोधायला जुन्या पंपाच्या गाड्यांत एकेका नोजलचा नट सैल करून आवाज ऐकायची पद्धत आहे. कॉमन रेल गाडीत हे अजिबात करायचं नाही. तिथे पाइपात हजार बारच्या वर दाब असतो, बारीक फवारासुद्धा कातडीतून आत शिरतो आणि बोट कापायची वेळ येते. तिथे स्कॅनरच लावायचा. हे मी उस्तादांना सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं, माझी सुट्टीतली एकमेव कमाई.

हॉस्टेलला परत यायच्या आदल्या दिवशी काकांबरोबर घाट चढून आलो. वर भेंडी आणि मिरची, खाली सिमेंट. काटा मध्यावर राहिला. उतरताना काकांनी ज्या गिअरला चढलो त्याच गिअरला गाडी सोडली आणि ब्रेक थांबून-थांबून दाबला. खाली येऊन चहा घेण्याआधी त्यांनी चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला.

थर्मोस्टॅट त्याच संध्याकाळी मी परत बसवला, नवं पॅकिंग टाकून. पॅकिंगचे पैसे काकांनी माझ्याकडून घेतले.